नागपूर नीट दिसते, विदर्भ मोडतो
(ग्राफिक्सची मानके, टूलकिट आणि देवनागरीचा सांधा)

संगणकाच्या साठवणीत 'नागपूर' हा शब्द सहा खुणांचा आहे: न, काना, ग, प, दीर्घ उकार, र. 'विदर्भ'ही सहाच खुणांचा: व, ऱ्हस्व वेलांटी, द, र, पाय मोडल्याची खूण, भ. दोन्ही शब्दांचे वजन सारखे. पण बोटाने सरकवता येणाऱ्या, जवळ-दूर करता येणाऱ्या नव्या धाटणीच्या अनेक नकाशांत हे दोन शब्द शेजारी ठेवले, तर नागपूर शाबूत उमटते आणि विदर्भ मोडून पडतो. वेलांटी 'व'च्या आधी यायची ती नंतर येते आणि तिचे डोके 'द'वर बसते. रफार 'भ'वर चढायचा तो चढतच नाही. पाय मोडलेला 'र' मधेच उभा राहतो. डोळा वाचतो ते 'वदिर् भ' असे काहीतरी.

नागपूरच्याच वस्त्यांची नावे घेतली तर प्रकार अधिक स्पष्ट होतो. महाल, इतवारी, धंतोली, धरमपेठ यांना धक्का लागत नाही. 'रविनगर'चे मात्र 'रवनिगर' होते. 'मिहान'चे 'महिान' होते. 'दीक्षाभूमी'तला क्ष फुटून त्याचे 'क्' आणि 'ष' असे दोन तुकडे पडतात. 'वर्धा मार्ग' या दोन शब्दांतले दोन्ही रफार जमिनीवर उतरतात. यातले 'रवनिगर' मला सर्वांत वाईट वाटते. 'वदिर् भ' पाहून काहीतरी बिघडले आहे एवढे तरी कळते. 'रवनिगर' मात्र एखाद्या खऱ्याच वस्तीचे नाव असावे असे दिसते. परगावच्या माणसाने रिक्षावाल्याला ते नाव सांगितले तर दोघांनाही आपले काय चुकले हे कळणार नाही.

आणखी एक गोष्ट. नकाशा तयार करणाऱ्या परमुलखातल्या कुणाला मराठी तपासून पाहायची असेल, तर तो बहुधा शहराचेच नाव टाकून पाहील. 'नागपूर' या शब्दात जोडाक्षर नाही, रफार नाही, ऱ्हस्व वेलांटी नाही. परीक्षा उत्तीर्ण! (वेगळ्या विदर्भाच्या वादात दोन्ही बाजूंनी हा पुरावा वापरू नये, ही विनंती.)

अशा मोडतोडीचे खापर आपण सहसा तिघांवर फोडतो: फॉन्टवर, युनिकोडवर, नाहीतर 'आपली लिपीच किचकट' म्हणून स्वतःवर. या नकाशांच्या बाबतीत तिन्ही आरोप टिकत नाहीत. तोच फॉन्ट त्याच फोनवर संदेशात 'विदर्भ' बिनचूक लिहितो. नकाशाच्या पोटातली माहितीही बिनचूक असते. शोधाच्या चौकटीत 'विदर्भ' टाइप केले की नकाशा बरोबर जागी जातो आणि तिथे पोचून मोडका विदर्भ दाखवतो. चौकट आणि नकाशा एकाच पडद्यावर, चार बोटांच्या अंतरावर आहेत. चौकट टूलकिटच्या मालकीची आहे, नकाशा ग्राफिक्सच्या. अक्षर मोडते ते या दोन मालक्यांच्या बांधावर, आणि तो बांध कसा पडला हा या लेखाचा विषय आहे.

एकाच घरातले दोघे

१९८५ साली आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेने 'ग्राफिकल कर्नल सिस्टिम' म्हणजे जीकेएस हे मानक स्वीकारले. संगणकावर चित्र काढण्याची सगळ्या यंत्रांना समजेल अशी एक भाषा असावी, हा त्यामागचा विचार. हे मानक आज फारसे कुणी वापरत नाही, पण समीक्षकाच्या नजरेने वाचण्यासारखे आहे, कारण चित्र म्हणजे काय याची एक कल्पना त्यात पहिल्यांदा जगाने शिक्का मारून मान्य केली. चित्राची मूलद्रव्ये त्यात सहा आहेत: जोडरेषा, खुणांची माळ, भरलेले क्षेत्र, मजकूर, रंगीत चौकोनांची जाळी, आणि ज्या त्या यंत्राला जमेल अशी एखादी खास आकृती. म्हणजे मजकूर हा रेषेचा आणि रंगाचा भाऊ म्हणून घरात आला. त्याचे गुणही रेषेसारखेच मोजता येणारे: अक्षराची उंची, रुंदीचे प्रमाण, दोन अक्षरांतले अंतर, 'वर' कोणती दिशा मानायची, आणि ओळ कुणीकडे जाणार. ओळीच्या दिशा चार दिलेल्या आहेत: उजवी, डावी, वर, खाली.

इथे थोडे थांबायला हवे. मानक लिहिणाऱ्यांनी लॅटिनपलीकडचा विचारच केला नव्हता, असे म्हणता येत नाही. ओळ डावीकडेही जाईल, खालीही जाईल, एवढे त्यांच्या डोक्यात होते. त्यांच्या डोक्यात नव्हते ते एवढेच, की शेजारी कोण आले यावर अक्षराचे रूप आणि जागा बदलू शकते. त्यांच्या लेखी मजकूर म्हणजे डब्यांची आगगाडी. गाडी कुठल्याही दिशेला न्या, डबे आपापल्या क्रमाने राहणार. ऱ्हस्व वेलांटी हा असा डबा आहे, की तो नोंदवहीत दुसरा असतो आणि रुळावर पहिला उभा राहतो. रफार तर पुढच्या डब्याच्या टपावर जाऊन बसतो.

जीकेएसमध्ये चित्र काढण्याबरोबर वापरणाऱ्याकडून काही घेण्याचीही सोय होती. त्याचेही सहा प्रकार: जागा दाखवणे, रेघ ओढणे, मोजमाप देणे, पर्याय निवडणे, वस्तू उचलणे आणि मजकूर टंकणे. चित्र आणि संवाद एकाच घरात नांदत होते. पुढच्या दहा वर्षांत हे घर फुटले. खिडक्या, बटणे, यादीपत्रे, लिहिण्याच्या चौकटी हा सारा संवादाचा संसार टूलकिटांनी उचलला: १९८९ साली मोटिफ, नंतर क्यूटी, जीटीके. चित्राच्या बाजूला १९९२ साली ओपनजीएल आले आणि त्याने आपला संसार आणखी आटोपशीर केला. बिंदू, रेषा, त्रिकोण, पोत. मजकूर त्याने यादीतूनच काढून टाकला. ज्याला अक्षरे हवीत त्याने ती बाहेरून आणावी.

बाहेरून आणण्याची रूढ रीत मोठी बोलकी होती. प्रत्येक अक्षराचे चित्र आधी काढून त्याला त्या अक्षराचाच क्रमांक द्यायचा, आणि मग शब्दातला एकेक क्रमांक पुकारत जायचे. पासष्ट म्हटले की कॅपिटल ए. एक क्रमांक, एक चित्र. जीकेएसच्या आगगाडीत निदान गाडीची कल्पना होती. इथे नुसते सुटे डबे उरले.

मग ही दोन्ही परत जोडायची कशी? उत्तर साधे निघाले. टूलकिटने आपल्या खिडकीत एक चौकोनी मोकळी जागा सोडायची आणि ती ग्राफिक्सच्या हवाली करायची. मोटिफमध्ये ओपनजीएलसाठी असे 'चित्रक्षेत्र' होते. जीटीके आणि क्यूटी यांच्यातही त्याचे वंशज आहेत. वेब पानावरचा 'कॅनव्हास' त्याच कुळातला. त्या चौकोनाच्या कडेपर्यंत टूलकिटचे राज्य. आत काय रंगवले आहे ते टूलकिटला दिसत नाही, विचारताही येत नाही. जुन्या वाड्यात भाडेकरूला एक खोली द्यावी आणि मालकाने पुन्हा त्या दारात पाऊल टाकू नये, तसा हा करार. लॅटिन लिपीच्या लोकांना या कराराची झळ लागली नाही, कारण आगगाडी दोन्हीकडे सारखीच चालत होती.

जुळारी कोणाकडे राहिला

टूलकिटांच्या बाजूला मात्र अक्षराचा अभ्यास वाढत गेला, आणि तो हौसेने नव्हे, नाइलाजाने वाढला. चौकटीत माणूस लिहितो, खोडतो, मधेच कर्सर ठेवतो, अर्धा शब्द निवडतो. तिथे अक्षर मोडले की लगेच तक्रार येते. विंडोज २००० मध्ये देवनागरी आली ती युनिस्क्राइब या घटकासह. २००२ साली जीटीकेच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर पँगो आले. या नावातला 'पॅन' ग्रीक, म्हणजे 'सर्व', आणि 'गो' जपानी, म्हणजे 'भाषा'. पुढे पँगो आणि क्यूटी यांचे हे काम हार्फबझ या एका सामाईक घटकात एकवटले. त्याचे नाव फारसी: हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे उघडे; 'ओपनटाइप'चेच भाषांतर.

हा घटक करतो काय, हे सांगायला मराठीत एक जुना शब्द तयार आहे: जुळारी. खिळ्यांच्या छापखान्यात मजकूर हाती आला की जुळारी तो केसमधल्या खिळ्यांत उतरवत असे. लेखकाने लिहिलेले 'र्भ' बघून हाताने 'भ' उचलायचा आणि त्यावर रफाराची सोय करायची, हे त्याच्या बोटांत असे. रोमन केसपेक्षा देवनागरीची केस कितीतरी पटींनी मोठी, आणि जावजी दादाजींच्या निर्णयसागरसारख्या छापखान्याची कीर्ती या जुळणीच्या नेटकेपणावर उभी होती. हार्फबझ हा तसा जुळारी आहे. त्याला सहा खुणा द्या. तो कोणते खिळे, कोणत्या क्रमाने, नेमक्या कुठे, हे परत देतो. आणि तिसरी एक गोष्ट देतो: कोणता खिळा मूळ मजकुरातल्या कोणत्या खुणांपासून आला याचा हिशेब. कर्सर कुठे थांबावा हे त्या हिशेबावरून ठरते.

म्हणजे जुळारी आहे, फुकट आहे, आणि बहुतेक फोनांत आधीच बसलेला आहे. पण तो राहतो टूलकिटच्या बाजूला. भाड्याने दिलेल्या खोलीत त्याला कुणी बोलावत नाही.

दोनशेछप्पनांचे गठ्ठे

आता नकाशाकडे परत जाऊ. पूर्वीचे वेबवरचे नकाशे म्हणजे दूरच्या संगणकावर आधीच रंगवलेल्या चौकोनी तसबिरी होत्या. ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवरून अशा तसबिरी काढणारा मॅपनिक हा प्रोग्रॅम हार्फबझला हाताशी घेतो, त्यामुळे त्याच्या तसबिरीत देवनागरी नीट जुळते. पण तसबीर फिरवता येत नाही. फिरवली तर अक्षरेही आडवी होतात. म्हणून पुढची पिढी आली: रस्ते, इमारती, नावे यांची कच्ची माहिती फोनपर्यंत पाठवायची आणि फोनमधल्या ग्राफिक्स यंत्राने ती तिथल्या तिथे रंगवायची. मॅपबॉक्सने २०१४ साली वेबसाठी आणलेली आणि पुढे मॅपलिब्रे या मुक्त शाखेत गेलेली पद्धत ही या पिढीची सर्वांत परिचित प्रतिनिधी.

या पद्धतीत अक्षरे येतात ती गठ्ठ्यांनी. युनिकोडच्या क्रमांकांचे दोनशेछप्पनांचे गठ्ठे बांधलेले असतात. नकाशात देवनागरी दिसली की फोन २३०४ ते २५५९ या क्रमांकांचा गठ्ठा मागवतो. प्रत्येक क्रमांकामागे एक छोटे चित्र असते. चित्र साठवण्याची युक्ती सुंदर आहे: प्रत्येक बिंदू अक्षराच्या कडेपासून किती दूर आहे तेवढेच लिहून ठेवायचे, म्हणजे अक्षर कितीही मोठे केले तरी कड स्वच्छ राहते. २००७ साली खेळ बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीच्या क्रिस ग्रीनने ती मांडली. पण मुद्दा गठ्ठ्याचा आहे. त्यात 'क' आहे, 'ष' आहे, 'क्ष' नाही, कारण युनिकोडमध्ये क्षला स्वतंत्र क्रमांक नाही. 'भ' आहे, रफार नाही. मागायची सोयच नाही अशी वस्तू कोण कशी मागणार? १९९२ चा 'एक क्रमांक, एक चित्र' हा करार इथे कलमागणिक जिवंत आहे, फक्त त्याला नवे कपडे चढवले आहेत.

अरबी लिपीही जोडून लिहिली जाते, तिचे काय झाले? तिच्यासाठी या नकाशांत एक जोडप्रोग्रॅम आला आणि अरबी बऱ्यापैकी नीट दिसू लागली. ते शक्य झाले ते एका ऐतिहासिक अपघाताने. जुन्या यंत्रांशी जमवून घेण्यासाठी युनिकोडने अरबी अक्षरांच्या आरंभीच्या, मधल्या आणि शेवटच्या रूपांना वेगळे क्रमांक देऊन ठेवले होते. मूळ क्रमांकाच्या जागी रूपाचा क्रमांक घातला की गठ्ठ्याची पद्धत न बदलता काम भागते. देवनागरीला युनिकोडने असे रूपांचे क्रमांक दिले नाहीत, आणि तत्त्वतः तेच योग्य होते: साठवायचा तो उच्चाराचा क्रम, रूप जुळाऱ्याने ठरवावे. तत्त्वाने वागणाऱ्या लिपीला इथे शिक्षा झाली आणि जुनी तडजोड जवळ असलेली सुटली, असे म्हटले तर ते फार चुकीचे होणार नाही.

नकाशा हे एकटे उदाहरण नाही. त्रिमितीय चित्रे करणारा ब्लेंडर आपली बटणेसुद्धा ग्राफिक्सच्याच मार्गाने रंगवतो. 'डिअर इमगुई' हे खेळ बनवणाऱ्यांचे लाडके टूलकिट ग्राफिक्सच्या खोलीतच राहते. आपल्याला अक्षरांची जुळणी येत नाही आणि अपंगांसाठीच्या सोयीही आपल्याकडे नाहीत, हे ते आपल्या परिचयपत्रात एका दमात सांगते. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. तो वाचून निदान कळते, की या दोन उणिवा एकाच मुळाच्या आहेत. त्या मुळाकडे पुढे येतो.

आपण हे आधी पाहिले आहे

महाराष्ट्राला हा सांधा नवा नाही. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि १९८८ साली पुण्यात सी-डॅक निघाल्यावर तिथे वाढलेले 'जिस्ट' आठवते का? त्या नावातले पहिले अक्षर 'ग्राफिक्स'चे आहे. संगणकात एक कार्ड बसवले की इंग्रजीसाठी लिहिलेले हिशेबाचे, नोंदवहीचे प्रोग्रॅम भारतीय लिप्या दाखवू लागत. प्रोग्रॅमला पत्ता नसे. तो आपला 'इस्की'चे क्रमांक मोजत बसे आणि खाली कार्ड त्यांची अक्षरे जुळवत असे. म्हणजे जुळारी थेट ग्राफिक्सच्या खोलीत बसवला होता. आजच्या नेमके उलट. तिथे अडचण वरच्या मजल्यावर होती: मोजणाऱ्याला दिसणारी रुंदी कळत नसे.

मग डीटीपीचा काळ आला आणि दुसरेच टोक गाठले. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी या फॉन्टांत देवनागरीचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर चढवले होते. जुळारीही नको, भाषाही नको; टंकणाऱ्याच्या बोटांनीच वेलांटी आधी मारायची. ग्राफिक्सला यात काहीच अवघड नव्हते, कारण 'एक क्रमांक, एक चित्र' तंतोतंत पाळले जात होते. म्हणूनच आजही मोबाइल खेळात हिंदी-मराठी घालताना अडलेले लोक युनिकोड मजकूर गुपचूप कृतिदेवच्या क्रमांकांत उलटवतात. दिसते छान. शोधता येत नाही, वाचून दाखवता येत नाही, आणि फॉन्ट बदलला की इंग्रजी अक्षरांचा पाला हाती येतो. विसाव्या शतकाच्या अखेरचे हजारो दिवाळी अंक आज अशा फाइलींत अडकलेले आहेत, हे या अंकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

या दोन टोकांच्या मधली वाट मुंबईत दिसली होती. जुहूच्या एनसीएसटी या संस्थेत ग्राफिक्सचे अभ्यासक एस. पी. मुदूर आणि सुलेखनकार र. कृ. जोशी एकत्र काम करत होते. जोशी कवी, आयआयटीच्या आयडीसीत शिकवलेले, विंडोजमधल्या 'मंगल' या फॉन्टचे आरेखक. त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा भारतीय लिप्यांच्या जुळणीच्या रचनेविषयीचा निबंध १९९९ साली 'कॉम्प्युटर्स अँड ग्राफिक्स' या नियतकालिकात आला. मला त्याचे छापण्याचे ठिकाण फार महत्त्वाचे वाटते. भाषाशास्त्राच्या किंवा मुद्रणाच्या नव्हे, ग्राफिक्सच्या नियतकालिकात. अक्षर जुळवणे हा चित्रशास्त्राचा प्रश्न आहे, हे एका मराठी सुलेखनकाराच्या नावासह त्या घरात जाऊन सांगितले गेले. त्यानंतरही ग्राफिक्सच्या बाजूने नवी घरे बांधणाऱ्यांनी जुळाऱ्याची खोली आराखड्यात धरली नाही.

जाता जाता एक गंमत. १९५३ साली लखनौच्या लिपिसुधार परिषदेने ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे लिहावी असे ठरवले होते. टंकयंत्राच्या सोयीचा विचार त्यामागे होताच. लोकांनी ते स्वीकारले नाही आणि काही वर्षांत निर्णय मागे गेला. मोडक्या नकाशातली वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडेच येते! यंत्रासाठी लिपी बदलण्याचा जो ठराव माणसांनी फेटाळला, तो यंत्राने कुणालाही न विचारता अमलात आणला.

मराठीपुरते आणखी थोडे

इथवर जे म्हटले ते हिंदी, नेपाळी, कोकणी सगळ्यांना लागू आहे. मराठीचे स्वतःचे दुखणे 'वऱ्हाड' या शब्दात आहे. नागपूरच्या पश्चिमेला गेले की पहिला अडथळा हाच. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना', 'दर्या' आणि 'दऱ्या' या जोड्यांत अर्थ रफाराच्या रूपावर ठरतो. युनिकोडमध्ये वऱ्हाडातला तो आडवा 'र' दोन प्रकारांनी लिहिता येतो: एकदा खाली टिंब असलेला 'ऱ' घेऊन त्याचा पाय मोडून, एकदा साधा 'र', पाय मोडल्याची खूण आणि मागे एक अदृश्य सांधा ठेवून. चांगला जुळारी दोन्हींचे एकच रूप देतो. म्हणून डोळ्याला सारखे दिसणारे दोन 'वऱ्हाड' शोधाच्या यंत्राला वेगळे वाटू शकतात. आणि जुळारीच नसेल तर पहिल्या प्रकारात टिंबासकट 'ऱ्' आणि वेगळा 'हा' उभा राहतो, मराठी वाचकाने कधी न पाहिलेले ध्यान.

तीच गत 'ल' आणि 'श' यांची. 'अकोला' आणि 'शेगाव' या नावांत आपल्याला मराठी वळण हवे असते. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात वर्णमाला ठरवताना ही वळणेही ठरवून दिली. चांगल्या फॉन्टांत दोन्ही वळणे असतात. कोणते वापरायचे हे ठरायला मजकूर मराठी आहे हे जुळाऱ्याला सांगावे लागते, आणि ते टूलकिटला माहीत असते. भाड्याच्या खोलीच्या दारात ही माहिती गळून पडते. आत फक्त क्रमांक जातात. क्रमांकाला मातृभाषा नसते, म्हणून फॉन्टचे मूळ वळण जे असेल ते, बहुधा हिंदीचे, सगळ्यांना मिळते.

तोडग्यांची परीक्षा

उपाय कोणते, आणि त्यांची किंमत काय? खेळांच्या जगात गोडो या मुक्त इंजिनाने २०२३ च्या चौथ्या आवृत्तीत हार्फबझ घरात घेतला. त्यांच्या व्यवस्थेत मजकुराची स्वतंत्र सेवा आहे आणि चित्र रंगवणारा तिला विचारूनच अक्षरे काढतो. हा मला सर्वांत सरळ मार्ग वाटतो. बांधावरून आत क्रमांक न पाठवता जुळवलेले खिळे, त्यांच्या जागा आणि मूळ मजकुराचा हिशेब अशी तिन्ही पाठवायची.

नकाशांसाठी दोन तोडगे चर्चेत असतात. एक, नावे नकाशाच्या वर टूलकिटच्याच काचेवर लिहायची. जुळणी बिनचूक होते. पण शेकडो नावे झाली की फोन दमतो, आणि नाव रस्त्याच्या वळणाने वळत नाही. दुसरा, नकाशाची माहिती तयार करतानाच शब्द जुळवून ठेवायचे आणि जुळलेल्या तुकड्यांना आपले खासगी क्रमांक द्यायचे. गठ्ठ्याची पद्धत तशीच राहते, विदर्भ नीट दिसतो. युक्ती हुशारीची आहे, पण श्रीलिपीच्या काळातून आलेल्या माणसाच्या मनात इथे शंका येणारच. खासगी क्रमांकासोबत मूळ शब्द ठेवला तर ठीक. 'दिसते आहे ना, मग झाले' म्हणून तो टाकून दिला, तर आपण पुन्हा तीस वर्षे मागे.

आणि इथेच ते मूळ येते, ज्यातून 'डिअर इमगुई'च्या दोन्ही उणिवा निघतात. अंध व्यक्तीचा फोन पडद्यावरचे वाचून दाखवतो तो टूलकिटला विचारून: या चौकटीत काय लिहिले आहे? ग्राफिक्सच्या चौकोनाविषयी टूलकिट सांगते, 'एक चित्र आहे.' आतली सीताबर्डी, झिरो माईल, दीक्षाभूमी त्याच्यासाठी नाहीतच. डोळस मराठी माणसाला मोडके अक्षर दिसते आणि अंध माणसाला काहीच मिळत नाही. कारण दोन्हींचे एक. मजकूर हा मजकूर म्हणून बांध ओलांडत नाही. म्हणून नुसते 'अक्षर सुंदर दिसले' यावर खूश होणारा कुठलाही तोडगा मला अपुरा वाटतो.

टूलकिटच्या बाजूलाही सगळे आलबेल आहे असे नाही. एक 'अक्षर' कुठे संपते याच्या युनिकोडच्या सर्वसाधारण नियमांत 'क्ष' हे एक अक्षर धरले जात नव्हते. क् नंतर तोडायला मुभा होती. ती सुधारणा २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत झाली. बालवाडीतले मूल ज्याला एक अक्षर म्हणते, त्याला मानकाने एक म्हणायला इतका वेळ लागला. आता ती सुधारणा प्रत्येक टूलकिटपर्यंत आणि तिथून प्रत्येक चौकोनाच्या आत पोचायची आहे.

वर्धा मार्गाचे वळण

समजा, हे सगळे झाले. जुळारी आत आला, भाषा कळली, मूळ मजकूर सोबत राहिला. तरी एक प्रश्न उरतो, आणि तो निखळ चित्राचा आहे. नकाशात रस्त्याचे नाव रस्त्याच्या वळणाने लिहायचा रिवाज आहे. रोमन अक्षरे सुटी असतात. प्रत्येक अक्षर थोडे थोडे फिरवले की नाव वळते. 'वर्धा मार्ग' असे वळवले तर प्रत्येक अक्षराबरोबर शिरोरेषेचा त्याच्या वाट्याचा तुकडाही फिरतो, आणि सांध्यांवर रेषेला कोपरे पडतात. बाहेरच्या वळणावर फट, आतल्या वळणावर चढ. मोठ्या प्रदेशांची नावे अक्षरे लांब लांब टाकून पसरायचा नकाशाकारांचा दुसरा रिवाज तर शिरोरेषेचे सरळ तुकडेच करतो. जीकेएसमधले 'दोन अक्षरांतले अंतर' हे कलम त्याच कल्पनेचे.

शिरोरेषा अक्षरांपासून वेगळी काढून रस्त्याच्या वळणाने एकसंध ओढावी का, आणि अक्षरे तिला खाली टांगावीत का? तसे केले तर 'ध', 'भ' आणि मराठी 'श' यांच्या माथ्यावरच्या मोकळ्या जागा कोण सांभाळणार? की देवनागरी नाव वळवूच नये, रस्त्याच्या कडेला सरळ लिहावे, पाटीसारखे? हाताने नकाशे काढणाऱ्या आणि दुकानांच्या कमानींवर नावे रंगवणाऱ्या पेंटरांनी याची उत्तरे आपापल्या परीने दिलेली आहेत. कमानीवर बहुधा ते आधी शिरोरेषा ओढतात, मग खाली अक्षरे भरतात. त्या कमानींचे फोटो जमवून, मोजून, रेषा आणि अक्षर यांच्यातला कोन कुठे कसा ठेवला आहे याची नोंद कुणीतरी करायला हवी. नागपुरात महाल-इतवारीच्या जुन्या बाजारांतून सुरुवात करता येईल. तिथल्या हाताने रंगवलेल्या पाट्या फ्लेक्सखाली झाकल्या जात आहेत, म्हणून लवकर.